चासीखालची शीळ

आमचे आबा जमिनीवर कधी बसत नसत. लग्नाच्या पंगतीत सगळं गाव मांडी ठोकून भरीत-पुरी हाणत असायचं आणि हा ताडमाड माणूस हातात ताट धरून मांडवाच्या खांबाला टेकून उभा. यजमान बिचारे पाट घेऊन मागे लागायचे. अनोळखी घराच्या दारातल्या कुत्र्याकडे आपण बघतो तसं आबा त्या पाटाकडे बघत आणि म्हणत, "खाले जागा नही रे भो. तठे बसेल शे कोनी." हे ऐकल्यावर आजूबाजूचे जेवणारे हळूच पाय आखडून घेत. मी स्वतः एकदा शेजारची रिकामी पत्रावळ सरकवून जागा करून दिली होती. कोणाला, ते विचारू नका.

जळगावहून असोद्याकडे निघालं की डाव्या हाताला आमचं वर्कशॉप होतं. केळीच्या ट्रकांच्या बॉड्या बांधायचं मुख्य काम. पण आमचे शेठ मारवाडी असले तरी अंगात साहसाचा किडा. आज रुग्णवाहिका, उद्या फिरतं रसवंतीगृह, परवा लग्नाचा रथ. कोणी विमान आणून उभं केलं असतं तरी शेठ म्हणाले असते, "ठेवून जा, आखाजीपर्यंत देतो." मी तिथे वायरिंग करायचो. आबा नळ्यांचं बघायचे. पाण्याच्या, हवेच्या, डिझेलच्या आणि गॅसच्या. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे बोलणं अर्धं अहिराणी. उरलेलं अर्धं ते नळीशी बोलत.

गॅसला ते कधी 'तो' म्हणत नसत. 'ती'. गॅस हवेपेक्षा जड, सुटला की वर जात नाही, जमिनीलगत साचतो, हे कोणीही सांगेल. आबांचं सांगणं वेगळं. "चोरासारखी येत नही ती. नात्यातल्या बाईसारखी येस. दार लोटस, कोपरा पाहस, आन् बसस. ऊठ म्हणा तरी उठत नही." आणि मग जोडावर साबणाचा फेस लावता लावता, जणू भाजीचा भाव सांगावा तसं, म्हणायचे की मेलेली माणसंही वर जात नाहीत. वर जायला अंगात हलकेपणा लागतो. निम्मी कामं अर्धवट टाकून गेलेला माणूस हलका कसा असेल? तोही खालीच. म्हणून एकाच भोकातून तिला जायला वाट द्यायची आणि त्यांना यायला.

त्यांच्या कामात खोट काढायला आख्ख्या खान्देशात कोणी जन्मला नव्हता. एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. फेस लावून झाला की ते जोडाला कान लावत. नाक कधीच नेत नसत. आम्ही समजायचो, एवढा मुरलेला माणूस, नाकाने हुंगणं त्याला कमीपणाचं वाटत असेल.

त्या चैत्रात रावेरचे एक केळीवाले भाऊ जीपला बांधून एक पांढरं फिरतं घर घेऊन आले. परदेशी ट्रेलर. आत बिछाना, ओटा, शेगडी, इवलीशी मोरी. कुठल्याशा बंदरावरच्या लिलावातून हात बदलत आलेला. आधीचा मालक कोण, कोणालाच पत्ता नाही. बाहेरच्या पाटीवर इंग्रजीत प्रोपेन लिहिलेलं, म्हणजे आपल्या सिलेंडरमधल्या गॅसचाच सख्खा भाऊ. भाऊंना त्यातून आपल्या आईला द्वारकेचा समुद्र दाखवायचा होता. वडिलांना आयुष्यभर समुद्र बघायचा होता, पण केळीने त्यांना रावेरच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नाही आणि एक दिवस बागेतच गेले. आता आईला नेणार. पण या आईची, अक्कांची, अट होती. हे मेलेले असले म्हणून काय झालं, या घरात ते आधी येऊन जातील तरच मी पाय ठेवीन.

काम असं की अक्कांच्या आंघोळीसाठी चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, मोठी पाण्याची टाकी आणि गॅसचा गिझर बसवायचा. टाकीची जागा नेमकी मधोमध, आणि गॅसची नळीही मधोमधच गेलेली. ती उपटून बाजूच्या लोखंडी पट्टीवरून फिरवायची होती. चाकाचा दगड लागू नये, धुराड्याची झळ लागू नये, जिथे पत्र्यातून आरपार जाईल तिथे रबराची कडी. आबांनी आणखी एक नियम घातला. एकही जोड दक्षिणेकडे तोंड करून नको.

मी म्हणालो, "आबा, याला चाकं आहेत. गाडी वळली की दक्षिण कुठच्या कुठे जाईल."

"मंग जाऊ दे," आबा म्हणाले. "आपन बांधताना तरी तिले तोंड दाखाडू नही."

बुडाचा पत्रा काढला तेव्हा जुन्या नळीला एक फाटा सापडला. ओट्याकडे न जाता तो सरळ बिछान्याखाली जाऊन टोपण लावून संपला होता. तिथे ना शेगडी, ना शेगडी असल्याची खूण. मी म्हटलं, थंड मुलखातली गाडी आहे, हीटर असेल. आबा बराच वेळ त्या टोपणावर तळहात ठेवून राहिले. "व्हई," म्हणाले, "ऊब लागत व्हती कोनाले तरी. आन् आपन तोडी ऱ्हायनूत."

फाटा त्यांनी तोडला. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ट्रेलरमध्ये जाऊन, नव्या नळीवर शेगडी पेटवून ते कपभर चहा करत आणि बिछान्यासमोर ठेवून येत. वाफाळता. थोड्या वेळाने गार झालेला कप घेऊन येत आणि निंबाच्या बुंध्याशी ओतत. शेठ म्हणाले, "साखर माझी जाते." तेवढंच म्हणाले. मारवाड्यालासुद्धा कधी कधी मेलेल्यांच्या चहाची साखर मोजवत नाही.

आणि मग ती शीळ. ओट्याखाली, गॅस चुकून सुटलाच तर खाली निघून जावा म्हणून, आबांनी ट्रेलरच्या जमिनीला भोक पाडून त्यात बोटभर लांबीची नळी बसवली. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वारा काय सुटतो ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. पत्र्यावर कावळा बसला तर उडताना पाय मागे ठेवून जातो. मी गोळा केलेत. तो वारा चासीखालून जायला लागला की त्या नळीतून शीळ निघे. सकाळी घोगरी, दुपारी बारीक, लांब, कोणीतरी शेताच्या पल्याडून आपल्याला बोलवावं तशी. आमचा पेंटर गडी धिप्पाड, पहिलवान. पण त्या ट्रेलरचं उरलेलं काम त्याने रेडिओ मोठ्याने लावून केलं. एकटे आबा शांत. जाता-येता म्हणत, "हा, हा, ऐकी ऱ्हायनू." आणि शीळ थांबायची. मी वाऱ्याचा दोष मानतो. पेंटर अजूनही मानत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उजाडली. आखाजीला आमच्याकडे पितर जेवायला येतात. त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि दुपारी निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास तुपासकट टाकायचा. ती आगारी. धूर सरळ वर गेला की जेवणारा पोचला. भाऊंनी ठरवलं होतं, गाडीचा ताबा त्याच दिवशी घ्यायचा, आगारी ट्रेलरमध्येच द्यायची आणि तशीच जीप जोडून द्वारकेला निघायचं.

जीपमधून अक्का उतरल्या. कमरेत वाकलेल्या, पण आवाज असा की रावेरहून हाक मारली तर भुसावळच्या स्टेशनात गाडी थांबावी. त्यांच्या मागोमाग उतरली शेणाची बादली. घरच्या गाईचं, सोबत आणलेलं.

"अक्का, याला लाद्या आहेत," मी म्हणालो.

"तुह्या मायनं तुले बिनसारवल्या घरात वाढवलं का रे?"

संपलं. अक्का आत गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि ती परदेशी, गुळगुळीत, बदामी फरशी त्यांनी शेणाने अशी सारवली की ज्या साहेबाने ती बनवली तो बघायला आला असता तर पाया पडला असता. भाऊ बाहेर लाकडं-गोवऱ्या पेटवत होते. अक्कांनी आतून एकदा विचारलं, "हा वास कायचा रे?" भाऊ म्हणाले, "नवीन गाडीचा, अक्का." उन्हाने सारवण लगेच वाळलं. अक्कांनी घागर मांडली, झळ आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं आणि नवऱ्याची वाट बघत जमिनीवर बसल्या.

आबा ट्रेलरपासून थोडे दूर, मान तिरकी करून उभे होते. अंगणात धूळ पळत होती, निंबाच्या फांद्या झोडपल्या जात होत्या.

"बंद झाली," आबा म्हणाले.

"काय?"

"शीळ."

एवढा वारा आणि शीळ नाही.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "उनात," ते म्हणाले. "बठ्ठा उनात. जागा भरी गई." सगळे आले, जागा भरली. आणि त्याच वेळी भाऊ पांढराशुभ्र सदरा घालून, खापरात लालबुंद निखारे घेऊन ट्रेलरच्या पायरीकडे निघाले.

मी आबांना आयुष्यात कधी पळताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते पळाले, अक्कांच्या उरलेल्या शेणाची बादली उचलली आणि निखाऱ्यांवर, खापरावर, भाऊंवर, नव्या सदऱ्यावर उपडी केली. फुस्स आवाज झाला. भाऊ हिरवे झाले. आधी शेणाने आणि मग रागाने.

"आबा! आखाजीच्या दिवशी? पितरांच्या आगारीवर शेण?"

"अक्काले बाहेर काढ पह्यले," आबा म्हणाले. "मंग माले मार."

मी दार उघडलं. गुडघ्याच्या खाली वास एवढा दाट होता की पाय त्यात बुडाल्यासारखा वाटला. अक्का घागरीला टेकल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले आणि चेहऱ्यावर असं हसू की लग्नाच्या फोटोतही कोणाचं नसतं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. जागे होतीन."

"कोण, अक्का?"

"हे. माह्या मांडीवर डोकं टाकून झोपले."

मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला आमच्या गल्लीत कोणी भाव देत नाही हे मला ठाऊक आहे, अक्कांच्या मांडीवर लुगड्याच्या निऱ्या दबलेल्या होत्या. गोल. डोक्याएवढ्या.

भाऊंनी त्यांना उचललं. एरवी चालताना धाप लागणारी ती म्हातारी मुलाच्या हातातून सुटायला अशी झटत होती की भाऊंसारखा गडी दाराला धडकला. "ठेव मले! ते एकटे राहतीन!" मी शेगडीकडे वळलो. एक बटण उघडं होतं. अगदी बारीक केलेलं, सकाळच्या चहाचं. ज्योत विझलेली. बटण बंद केलं, खिडक्या ढकलल्या आणि बाहेर उडी मारली.

आबा ट्रेलरखाली उताणे शिरले होते. अक्कांनी सारवताना ते भोकही लिंपून टाकलं होतं; उंदराचं बीळ समजून, अंगठ्याने दाबून, नीट. आबा बोटाने ते शेण उकरत होते. शेवटचा गोळा निघाला आणि वरून जे काही साचलं होतं ते त्यांच्या तोंडावर ओतलं गेलं. दिसत काहीच नव्हतं, पण त्यांच्या कपाळावरचे केस एका बाजूला झोपले. मी हात-दीड हात लांब होतो, तरी मला शर्टाचं टोक नाकाला लावावं लागलं.

आबा तसेच पडून होते, त्या न दिसणाऱ्या धारेखाली, तोंड उघडं ठेवून. मग मान वळवून त्यांनी मला विचारलं, "वास ई ऱ्हायना का रे?"

मी त्यांचे पाय धरून त्यांना ओढून बाहेर काढलं.

"आबा, तुम्हाला येत नाही?"

त्यांनी नाकाला हात लावला, जसा आपण खिसा तपासतो. "हाई कधीनंच मरेल शे. एक ताप उना व्हता, त्यात गये." कोणालाच माहीत नव्हतं. शेठला नाही, घरच्यांना नाही. म्हणून तो फेस, म्हणून ते कान लावणं.

मी म्हणालो, "सकाळचा चहा, आबा. बटण चालू राहिलं होतं. झळ येऊन विझली असेल."

चासीखाली पुन्हा शीळ सुरू झाली होती, लांब, थकलेली. "झळ उनी," ते म्हणाले, "का कोनी फुकी टाकी?" मग स्वतःच मान हलवली आणि शेणाने माखलेल्या भाऊंसमोर जाऊन हात जोडले. "चूक मनी शे." भाऊंनी मारलं नाही. अक्का निंबाखाली बसून रडत होत्या, आणि ते काही जीव वाचला म्हणून नव्हतं.

द्वारका राहिली. ट्रेलर रावेरला, केळीच्या बागेच्या कडेला नेऊन उभा केला. आबांनी दुसऱ्या दिवशीपासून गॅसच्या कामाला हात लावला नाही. केळीच्या ट्रकांना मडगार्ड ठोकत बसले.

पावसाच्या आधी भाऊंचा मला फोन आला. "आबांना घेऊन या. अक्का ऐकत नाही." रोज दुपारी ती ट्रेलरमध्ये जाते, दार लावून जमिनीवर बसते आणि शेगडीची बटणं एकेक करून फिरवते. सिलेंडर भाऊंनी काढून कुलपात घातलं होतं. पण अक्का गड्यांना पुरणपोळ्या चारून विचारत होती, कोणाला ते जोडता येतं का. एक गडी पाघळायच्या बेतात आला होता.

आम्ही पोचलो तेव्हा बागेत सावली आणि ओल होती. केळीची पानं एकमेकांना घासत होती, कुजबुजल्यासारखी. अक्का पायरीवर बसल्या होत्या. आबा त्यांच्यासमोर उभे राहिले.

"अक्का, तठे कोनी नव्हतं," आबा म्हणाले. "गॅस व्हता. मनी चूक."

अक्कांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "तुमी म्हने बठ्ठ्यायले सांगत फिरता, खाली कोनी ना कोनी बसेल असते. मंग माह्याच टायमाले कसं कोनी नव्हतं?"

जन्मभर ज्यांच्यासाठी पंगतीत जागा सोडली, चहा ठेवला, भोक पाडून वाट दिली, ते नाहीतच असं आबांना या एका म्हातारीला पटवायचं होतं.

"चूक तं चूक," अक्का म्हणाल्या. "चुकीनं का व्हयना, आले तं होते." मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "आखीन एक डाव करा ना तशी चूक. थोडीशीच. दार मी लावून घेईन."

भाऊ तोंड फिरवून बागेत बघत होते.

आबांनी पिशवीतून पाना काढला, पाठीवर पडले आणि सरपटत चासीखाली गेले. तासभर नुसता लोखंडाचा आवाज येत होता. त्यांनी एकेक पकड सोडवली, एकेक जोड उघडला. जी नळी त्यांनी आयुष्यातलं सगळं कसब ओतून फिरवली होती, जिच्यात एक वळण वाकडं नव्हतं, ती टाकीच्या शेजारून, चाकाच्या वरून, ओट्याच्या खालून मुळासकट काढली. बाहेर येऊन त्या तांब्याचं वेटोळं केलं आणि खांद्यावर घेतलं. ट्रेलरमध्ये आता फिरवायला बटणं होती. त्यांच्या मागे काही नव्हतं.

अक्का उठल्या. मला वाटलं, आता शिव्या देणार. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या वेटोळ्याजवळ आल्या. हात लावला नाही. जवळून बघितलं फक्त, टोकापासून टोकापर्यंत.

"घेऊन चालले का त्यायले?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं. मग मान डोलावली. हो.

"मंग हळू न्या," अक्का म्हणाल्या. "त्यायले गाडीचा धक्का सोसत नाही."

मोटारसायकल बागेच्या तोंडाशी उभी होती. मी किक मारली, पण आबा बसले नाहीत. वेटोळं दोन्ही हातांनी छातीशी धरून ते रस्त्याच्या कडेने चालायला लागले, खड्डे चुकवत. रावेरचा स्टँड येईपर्यंत मी गाडी बंद करून त्यांच्या मागे ढकलत नेली.